बोलावण्याचा शब्द

सुगंधाबाईंनी ‘ये’ म्हटलं आणि भिंगरी उलटी वळून पळत सुटली. ऐकू गेलं नाही असं म्हणायलाही जागा नव्हती, कारण पळण्याआधी तिने कान उभे करून बाईंकडे नीट पाहिलं होतं आणि मगच ती निघाली होती, काम सांगितल्यासारखी. बाईंनी पुन्हा हाक मारली. दुसऱ्या ‘ये’ला तिचा वेग वाढला. सकाळचे नऊ वाजलेले, देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटक नुकते उतरलेले, चहा पिऊन ताजेतवाने, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या. भिंगरीने त्या पंधरावीस माणसांभोवती एक मोठं रिंगण घातलं, मग त्याहून लहान, मग आणखी लहान, आणि ती माणसं हसत-ओरडत मागे सरता सरता एकमेकांना चिकटून उभी राहिली. त्यांतले एक पोट सुटलेले गृहस्थ मागे सरण्याच्या नादात लाटेत बसले. खिशातला फोनही त्यांच्याबरोबर बसला. बाकीचे हसले, ते हसले नाहीत. भिंगरी मात्र सगळा कळप एका जागी आणल्याच्या समाधानात वाळूवर पोट टेकून, जीभ बाहेर काढून, आता पुढे काय म्हणून बाईंकडे बघत राहिली. बाई चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. एवढ्या वर्षांत त्यांचा ‘ये’ कोणी मोडलेला नव्हता.

ही कुत्र्याची जातच मुळी मेंढ्या राखणारी, असं बाईंच्या मुलीने, अक्षयाने सांगितलं होतं. आता देवबागेत मेंढ्या कुठल्या? एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधे जेमतेम वाळूची पट्टी, आणि त्या पट्टीवर माड, घरं, होड्या आणि पाहुण्यांच्या खोल्या. मग भिंगरी मिळेल ते राखायची. कोंबड्या, कुर्ल्या, शाळेत निघालेली पोरं, बँकेचा माणूस. एकदा तर खाडीकाठी कुणाचं दहावं चाललं होतं, तिथे पिंडाकडे येऊ बघणाऱ्या कावळ्यांना तिने एकूण एक वळवून लावलं. तासभर कावळा शिवेना. मेलेल्याची कसली इच्छा राहिली असेल यावर जमलेल्यांची चर्चा रंगली, कुणी मुलाकडून शपथा वदवून घेतल्या, आणि खरं कारण माडाआड बसून धापा टाकत होतं. अक्षया बाईंची एकुलती एक, पुण्यात कंपनीत, फ्लॅटमध्ये एकटी. ती दहा-दहा तास कामावर, आणि वर्षाची ही कुत्री दिवसभर चार भिंतींत. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, सोफ्याचा कापूस झाला, दाराची चौकट कुरतडली गेली. गणपतीला ती कुत्रीला घेऊन आली आणि जाताना ठेवून गेली. ‘महिनाभर बघ, आई. नाहीच जमलं तर सांग.’ नाव भिंगरी. हे नाव या घरात पूर्वी एकदा नांदून गेलेलं होतं. अक्षया लहान असताना तिचे बाबा तिला भिंगरी म्हणायचे. मुलीने ते नाव उचलून कुत्रीला दिलं, आणि बाईंनी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

दुपारी शेजारची गंगू आली. लाटेत बसलेले गृहस्थ तिच्याच खोल्यांवर उतरले होते. ‘बाई, ह्यां कुत्रां आसा काय देवचार?’ ती अंगणातूनच सुरू झाली. ‘तो मानूस रूम सोडून गेलो. जाईसर फोन माझ्या तांदळाच्या डब्यात घालून बसलो हुतो, कोणीतरी सांगलेला की सुकता म्हणान. माझे तांदूळ खारट झाले ते वायले.’ बाई हसल्या नाहीत, म्हणून गंगूचं बळ वाढलं. ‘आमचो सीझन आत्ता सुरू झालो. मी रयवारपर्यंत बगतंय. मगे एकतर ता बांधा, नायतर खंय तरी पोचवा. आज मानूस बसलो, उद्या एखादां पोर बुडात.’ हे शेवटचं खरं होतं, म्हणून बाईंना ते लागलं. त्यांनी संध्याकाळी वालावलला महादूला फोन केला. महादू म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा चुलतभाऊ; काजूची बाग, माकडांचा उपद्रव, राखणीला कुत्रं हवंच होतं. ‘वयनी, रयवारी येतंय आणि घेऊन जातंय. साखळी माझी, जेवणय माझां. तुमी कायएक बगू नुकात.’ महादूची बाग बाईंनी पाहिलेली होती. लक्ष्मीनारायणाच्या उत्सवाला गेल्या होत्या तेव्हा फणसाखाली त्याचं आधीचं कुत्रं बांधलेलं होतं. झाडाभोवती, साखळी जाईल तेवढ्या अंतरावर, गवत मरून मातीचं एक गोल कडं पडलेलं होतं, आणि कुत्रं त्या कड्यावरून चालत होतं. थांबत नव्हतं आणि भुंकतही नव्हतं. बाईंनी अक्षयाला फोन लावून सांगितलं, काका रविवारी नेणार आहेत. मग अक्षया म्हणाली, ‘तू म्हणशील तसं, आई.’

तू म्हणशील तसं. फोन ठेवला तरी ते तीन शब्द माजघरात बसून राहिले. बाईंना आयुष्यभर हेच उत्तर हवं होतं आणि आयुष्यभर हेच उत्तर मिळालं होतं. अकरावीला शास्त्र घे. तू म्हणशील तसं. हे स्थळ नको. तू म्हणशील तसं. गावभर लोक म्हणायचे, बाईंची मुलगी म्हणजे किती शहाणी, वर मान करून बोलत नाही. बाईंना ते ऐकायला गोड वाटायचं. आज मात्र तोंडात खडा आल्यासारखं झालं. त्यांनी अक्षयाने दिलेली पिशवी काढली. आत रबरी चेंडू, दोरीची गाठ, आणि एक वही. पुण्याहून निघताना तिने रात्री बसून लिहिली असणार. अक्षर वळणदार, बाईंनीच गिरवून घेतलेलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं : ‘हिला दमवायचं नाही, गुंतवायचं. नुसतं पळवलंस तर ती आणखी पळायला शिकेल. पाय दमतात, डोकं रिकामंच राहतं, आणि रिकामं डोकं घर पाडतं. वास घेऊन शोधायला लाव. कोडी घाल. तिला वाटलं पाहिजे की तिच्यावाचून काम अडलंय.’ खाली दुसऱ्या शाईत : ‘बोलावण्याचा शब्द – ये. हा शब्द फुकट वापरू नकोस.’ बाईंना हसू आलं होतं पहिल्यांदा वाचताना. शब्द काय गूळ आहे, फुकट वापरायला? आणि त्याच्या खाली : ‘आल्यावर कधीही रागावू नकोस. कितीही उशिरा आली तरी. बोलावून घेतलेल्याला मारलं की पुढच्या खेपेला ते येत नाही. किंवा येतं, पण फक्त अंगाने येतं.’ हे वाक्य बाईंनी गणपतीनंतर कितीदा वाचलं असेल. कुत्र्यांच्या वहीत ते कुत्र्याबद्दलच असणार. पण अक्षयाने तिथे ‘ती’ न लिहिता ‘ते’ लिहिलं होतं, आणि बाईंना व्याकरणाची सवय जात नव्हती.

रापणीचा दिवस होता तो. अक्षया दुसरीत, बाईंच्याच वर्गात, आणि शाळा किनाऱ्याला लागून. रापण ओढायला लागले की खिडकीतून हाकारे यायचे, अर्धा गाव दोरीच्या दोन टोकांना लागलेला, जाळं हळूहळू काठाकडे येतंय, आत मासळी उसळतेय, वर पक्षी. कुठल्या पोराचं लक्ष पाढ्यांत राहील? पण बाकीची पोरं बसली होती, हाताची घडी, तोंडावर बोट. बाईंची स्वतःची मुलगी तेवढी खिडकीतून उडी टाकून पळाली. बाई दारात आल्या. ती दूर वाळूवर, दोरीच्या टोकाला लोंबकळून, माणसांबरोबर ओढत होती आणि मोठमोठ्याने हसत होती. बाईंनी हाक मारली, ‘अक्षया, ये.’ ती थबकली. ‘ये इकडे. मी काही करणार नाही.’ ती आली. धावत आली, दोन वेण्या सुटलेल्या, मुठीत जाळ्यातली एक जिवंत तारली, आईला दाखवायला आणलेली. बाईंनी तिला वर्गात नेलं आणि सगळ्यांसमोर हातावर पट्टी मारली. सात की आठ, आता आठवत नाही. तारली फरशीवर पडून उडत राहिली, आणि पोरं तिच्याकडे बघत राहिली. हेडमास्तर व्हरांड्यात उभे होते. बाईंना दाखवायचं होतं की माझ्या वर्गात माझ्या मुलीलाही वेगळा नियम नाही. हेडमास्तरांनी मान डोलावली. त्यानंतर अक्षया हाक मारली की यायची. लगेच यायची, पण चालत, खांदे पाडून. बाबांनीही तिला भिंगरी म्हणणं हळूहळू सोडून दिलं. बाईंना वाटलं, मोठी झाली म्हणून.

मंगळवारचा दिवस बाईंनी भिंगरीला दोरीला बांधून काढला, आणि भिंगरीने खुंटी उपटून दोरीसकट शेजारच्या कोंबड्या राखल्या. बुधवारी गंगू पुन्हा आली. भांडायला नव्हे, बांगडे द्यायला. तिचं असं होतं, जीभ तिखट पण हात देता. ओट्यावर बसून तिने पाच मिनिटांत अख्ख्या गावाची हजेरी घेतली आणि पदर झटकून उठली. ‘येतंय हां, बाई.’ ‘ये,’ बाई म्हणाल्या. दाराशी झोपलेली भिंगरी उठली, गंगूच्या आधी पायऱ्या उतरली, फाटकाबाहेर गेली, आणि वळून बाईंकडे बघत उभी राहिली. कान उभे. झालं ना सांगितलेलं काम? बाईंच्या हातातलं बांगड्यांचं ताट तसंच राहिलं. ‘गंगू,’ त्या म्हणाल्या, ‘जरा परत ये. बस. आणि ऊठ, आणि मघासारखं म्हण.’ गंगूने त्यांच्याकडे बघितलं. ‘बाई, तुमी बऱ्या आसात मा?’ पण बाईंचा शाळेतला आवाज अजून गावात चालत होता. गंगू बसली, उठली, म्हणाली, ‘येतंय.’ ‘ये,’ बाई म्हणाल्या. चुचकारून आत आणलेली भिंगरी पुन्हा उठून बाहेर. तिसऱ्यांदाही तसंच. बाई मटकन ओट्यावर बसल्या आणि त्यांना हसू फुटलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत असा विद्यार्थी मिळाला नव्हता, ज्याने शब्दकोशावर न जाता घरातल्या वागण्यावरून अर्थ लावला.

कारण या घरात ‘ये’ म्हटल्यावर माणसं जातात, हे भिंगरी अडीच महिने रोज बघत होती. गॅसवाला म्हणतो येतो, बाई म्हणतात या, तो जातो. पोस्टमन जातो. गंगू दिवसातून तीनदा जाते. अक्षया, जिच्या पायाशी ती वाढली, ती दारात उभी राहून म्हणाली ‘येते हं, आई’, बाई म्हणाल्या ‘ये’, आणि अक्षया गेली ती गेलीच. मग ‘ये’ म्हणजे ‘जा’ नाही तर दुसरं काय? ‘मगे मानूस भायर पडताना काय म्हणूचा?’ गंगू डोळे विस्फारून म्हणाली, सगळं ऐकल्यावर. ‘जा म्हणूचा? शिरा पडो त्या कुत्र्याच्या तोंडार! जा म्हणतत ता दारात इलेल्या भुताक.’ ते बाईंना सांगायला नको होतं. त्यांच्याइतका तो ‘ये’ पाळणारं अख्ख्या देवबागेत कोणी नव्हतं. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी अक्षयाचे बाबा बर्फ आणायला मालवणला निघाले. उंबऱ्यातून म्हणाले, ‘येतंय गो.’ बाई पेपर तपासत होत्या, सातवीचे, तांबडं पेन हातात, आणि आदल्या दिवसाचा कसलासा राग मनात. ऐकलं त्यांनी. वर बघितलं नाही आणि ‘या’ म्हटलं नाही. तासाभराने जेटीवर ते खाली बसले आणि उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. बाईंना डॉक्टरांचं म्हणणं समजत होतं; त्या काही अडाणी नव्हत्या. तरी तेव्हापासून घरातून निघणाऱ्या कुणालाही त्यांनी ‘ये’ शिवाय जाऊ दिलं नाही. स्वयंपाक करपला तरी चालेल, ओल्या हाताने दारापर्यंत यायच्या. आणि आता, ओट्यावर बसून, त्यांना दिसत होतं की आपण तो शब्द जाणाऱ्यांवर इतका खर्च केला की बोलावायला काही उरलंच नाही. अक्षयाला कधी फोन करून म्हटलं का, ये? नाही. ‘तुझ्या सोयीनं बघ’ म्हटलं, ‘रजा मिळाली तर’ म्हटलं. ‘ये’ म्हटलं ते फक्त दारात, ती बॅग उचलून निघाल्यावर. आणि त्याच्याआधी एकदा, रापणीच्या दिवशी.

वहीच्या शेवटच्या पानावर होतं : ‘शब्द खराब झाला तर तो दुरुस्त करत बसू नकोस. नवा घे. असा, जो तू घरात कुणाला कधीच म्हटलेला नाहीस.’ हे सोपं वाटतं. बाई संध्याकाळभर शब्द शोधत होत्या. ‘आओ’ म्हणजे पर्यटक, ‘चल’ म्हणजे बाहेर जाणं, ‘इकडे’ तर शाळेने झिजवलेला. मराठीच्या शिक्षिकेला एक कोरा शब्द सापडू नये? सापडला तो गुरुवारी पहाटे, झाडलोट करताना, आणि सापडल्यावर त्यांनी केरसुणी खाली ठेवली. चेडवा. चेडू म्हणजे मुलगी, आणि तिला मायेने हाक मारायची तर चेडवा. बाईंचं माहेर तोंडवलीचं, होडी-जाळ्याचं. त्यांची आई त्यांना याच शब्दाने किनाऱ्यावरून घरी बोलवायची. पण शिक्षिका व्हायला रत्नागिरीला गेल्या तेव्हा पहिल्याच दिवशी ‘माका’ म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवशी त्यांनी तोंडातून मालवणी काढून टाकली. लग्नानंतर घरात नियम केला, शुद्ध बोलायचं. नवरा विहिरीकडे जाऊन, बाईंना ऐकू येणार नाही अशा बेताने, पोरीला ‘चेडवा’ म्हणायचा. एकदा ऐकू आलं तेव्हा बाईंनी सुधारलं होतं, ‘मुलगी म्हणा.’ म्हणजे या एका शब्दाने बाईंनी कधी कुणाला रागावलं नव्हतं, कुणाला निरोप दिला नव्हता. आपल्या पोटच्या पोरीलासुद्धा त्यांनी तो कधी दिला नव्हता.

पहिल्यांदा म्हणताना जीभ अडली. आजूबाजूला कोणी नाही ना हे बघून, माजघरात, अगदी हळू, ‘चेडवा’ म्हटलं आणि लगेच मूठभर सुका जवळा भिंगरीपुढे धरला. भिंगरीला शब्दाचं काही नव्हतं, जवळ्याचं होतं. दहा वेळा, वीस वेळा. मग ओट्यावरून. मग विहिरीजवळून, जिथून नवरा पोरीला हाक मारायचा. मधल्या वेळात वहीतली कोडी. बारा करवंट्या ओळीने पालथ्या घालायच्या, एकीखाली जवळा. भिंगरी नाकाने एकेक तपासत यायची, आणि बरोबर करवंटीवर पंजा ठेवून अशी बघायची की बाईंना हात वर करून ‘शाब्बास’ म्हणावंसं वाटायचं, आणि त्या म्हणायच्याही. जुन्या जाळ्याच्या गुंडाळीत चेंडू दडवायचा. चप्पल आण, टोपली आण, म्हणून वस्तूंची नावं शिकवायची. शुक्रवारपर्यंत तिला सात नावं येत होती. अर्धा तास पळवून जी धापा टाकतही घरभर नाचायची, ती दहा मिनिटं नाक चालवून पाय पसरून झोपायची. बाई तिच्याकडे बघत बसायच्या. हे एवढंच करायचं होतं तर! पोरगी खिडकीतून पळाली तेव्हा सगळा वर्गच रापणीवर नेला असता, दोरीला किती माणसं लागली मोजा, म्हटलं असतं, जाळ्यात मासे किती प्रकारचे सांगा. गणित तिथे नव्हतं का? त्या दिवशी सुचलं नाही. चौतीस वर्षं पोरांना दमवलं, गप्प बसवून दमवलं, आणि गुंतवलं किती जणांना, हे आता कोण सांगणार. शनिवारी संध्याकाळी गंगूच्या कोंबड्या माडाखाली पांगल्या होत्या. बाईंनी तिला विचारून भिंगरीला सोडलं. भिंगरीने एक रिंगण घेतलं, न भुंकता, पोट जमिनीला लावून, आणि चौदाच्या चौदा कोंबड्या खुराड्यात गेल्या. गंगू कमरेवर हात ठेवून बघत राहिली. ‘आमच्या घोवाक इतक्यां कळलां असतां तर,’ ती नवऱ्याच्या नावाने पुटपुटली. पण किनाऱ्यावर सोडून हाक मारायची बाईंची अजून छाती झाली नव्हती. अंगणात येणं वेगळं आणि लाटा, माणसं, पक्षी समोर असताना येणं वेगळं.

रविवारी अकराला महादू टेम्पो घेऊन आला. साखळी नवी होती, त्याने कौतुकाने दाखवली. चहा झाला, गंगूही येऊन ओट्यावर टेकली. रविवारची मुदत तिनेच दिलेली. ‘महादूभावजी,’ बाई म्हणाल्या, ‘मी तिला देत नाही. तुम्हाला फुकट हेलपाटा पडला.’ महादू वाईट वाटून घेणारा नव्हता. ‘देव नुकात. पण वयनी, ता आयकत नाय म्हणान तुमीच सांगलास. किनाऱ्यार कोणाक कायतरी झालां तर? बापडो भाव माझो गेलो, आता कुत्र्यापायी लोकांची बोलणी खातल्यात?’ गंगू जमिनीकडे बघत होती. महादू साखळी हातात गुंडाळून उठला. फाटक उघडं होतं, टेम्पो आत घेताना सताड सोडलेलं, आणि फाटकापुढे वाळू, आणि वाळूवर रविवारची गर्दी. ‘बरां तर,’ तो पायरीवर वळून म्हणाला, ‘येतंय, वयनी.’

भिंगरी दाराशी बसलेली, दोरीशिवाय, कान उभे. गंगूने पटकन बाईंकडे बघितलं आणि मान हलवली, म्हणू नका. न म्हणता भागलं असतं. हसून मान डोलावली असती तर महादूला काही वाटलं नसतं. बाईंच्या हातात तांबडं पेन नव्हतं, पण बोटं तशीच आखडली. त्यांना तो उंबरा दिसला, त्यातली ती पाठ, आणि वर न बघितलेले आपले डोळे. ‘या, भावजी,’ त्या म्हणाल्या. आणि मग, अर्धवट काही ठेवायचं नाही म्हणून, एकेरीतही म्हणाल्या, ‘सांभाळून ये हो.’ भिंगरी उठली. पायऱ्या, अंगण, फाटक. फाटकाबाहेर तिने एकदा मागे पाहिलं आणि सुटली, गर्दीकडे, दोन पोरी वाळूत खड्डा खणत होत्या त्यांच्या अंगावरून, पाण्याच्या कडेने, रिंगणाची पहिली मोठी रेघ ओढत. ‘गेलां!’ गंगू ओरडली. बाई फाटकापर्यंत धावल्या. साठीच्या बाईने धावू नये तशा धावल्या, आणि कंबरेवर हात न ठेवता, आवाज न बसवता, तोंडवलीच्या किनाऱ्यावरून त्यांची आई मारायची तशी लांब हाक मारली. ‘चेडवाऽऽ!’

किनाऱ्यावरच्या निम्म्या बायकांनी माना वळवल्या. भिंगरी धावतच होती. मग तिचं रिंगण वाकडं झालं. ती थांबली, लाट तिच्या पायांवरून गेली. बाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. वहीत लिहिलं होतं, एकदाच. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, आणि इतक्या वर्षांत कुणी यावं असं त्यांना इतकं वाटलं नव्हतं. भिंगरी वळली आणि आली. सरळ आली, माणसांमधून, कान मागे पाडून, आणि ओल्या पंजांनी बाईंच्या पातळावर चढली. जवळा आत ओट्यावर राहिला होता. बाईंकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून त्या वाळूत बसल्या आणि त्यांनी तिचं डोकं छातीशी धरलं, आणि त्यांना रडू आलं. महादू टेम्पोच्या दारात एक पाय ठेवून बघत होता. ‘वयनी,’ तो म्हणाला, ‘ह्यां काय मंत्र म्हटलास?’ गंगूने पदर डोळ्यांना लावून म्हटलं, ‘तुमी येवा आता, महादूनु. साखळी म्हशीक व्हयी पडात.’

संध्याकाळी सहाला फोन वाजला. दर रविवारी सहाला, आठ मिनिटं. त्यात कधी चूक नव्हती. ‘नेलं का काकांनी?’ अक्षयाने विचारलं, आणि ते विचारायला तिला किती जड गेलं हे बाईंना आज ऐकू आलं. ‘नाही नेलं. ती आता येते हाकेला.’ ‘ये म्हटल्यावर?’ ‘तो शब्द खराब झाला होता, अक्षया. भिंगरीपुरताच नाही.’ खिडकीतून खाडी दिसत होती, भरती लागलेली, होड्या नांगरावर हळूहळू तोंड फिरवत होत्या. ‘रापणीच्या दिवशी तू आली होतीस,’ बाई म्हणाल्या. ‘काही करणार नाही म्हणून मी बोलावलं, आणि आलेल्या पोरीला मारलं. ते चुकलं माझं. तेव्हाच कळलं होतं. सांगायला इतका उशीर झाला.’ आठ मिनिटं उलटून गेली तरी अक्षयाने फोन ठेवला नाही. तिने विचारलं, ‘मग नवा शब्द कुठला घेतलास?’

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. ‘चेडवा,’ त्या म्हणाल्या.

खाटेखाली नखं वाजली. भिंगरी झोपेतून उठून, धडपडत, शेपटीने तांब्या पाडत आली आणि बाईंच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली. फोनमध्ये आधी हुंदका आला की हसू, ते बाईंना कळलं नाही. ‘आई,’ अक्षया म्हणाली, ‘हे तू मला म्हणालीस की तिला?’

‘ही कधीची इली गो,’ सुगंधाबाई म्हणाल्या. ‘तू कधी येतंस?’